प्रामोरेल म्हणजे तोरिनो

डेल्फीनो बार्बाला कुणी विचारलं, कोर्तिनाला स्कीला जावं का, तर तो बर्फाबद्दल चकार शब्द काढायचा नाही; स्कीच्या प्रत्येक गावाला तो एकेका फुटबॉल क्लबचं नाव लावायचा. "कोर्तिना म्हणजे मिलान," म्हणायचा. "कपाटातली जुनी चांदी. बघून ये, पण हात लावलास तर पुसून ठेव." बोर्मिओ म्हणजे अतालांता, कष्टाळू माणसं, अंगावर येणारा उतार आणि संध्याकाळी गुडघ्यांत जीव नाही. कुरमायर म्हणजे इंटर. दिसायला देखणं, सकाळी लख्ख ऊन, दुपारी काय होईल ते देवालाही ठाऊक नाही. दक्षिणेत रोकारासोला नेपल्सची माणसं जातात. बार्बा तिकडे जन्मात फिरकला नव्हता, तरी ठासून सांगायचा, "ते नापोली. तिथे पडणारासुद्धा गाणं म्हणत पडतो."

आणि आमचं प्रामोरेल? "तोरिनो. दुसरं काय असणार?"

तुरीनच्या तोरिनो क्लबचा सगळ्यात मोठा संघ एकोणपन्नास साली विमानासकट डोंगरावर आदळून गेला, आणि तेव्हापासून त्या क्लबच्या माणसांना जिंकण्यापेक्षा रडण्याची सवय जास्त. आमच्याकडे एकच रोपवे आहे, दोन-दोन माणसांच्या खुर्च्यांची, आणि चार उतार. त्यातला एक फेब्रुवारीपर्यंत गवतच दाखवतो. बार्बा म्हणायचा, "इथे येणाऱ्याला चांगला बर्फ नको असतो, त्याला आपण हवे असतो." मी तिकीटखिडकीतून ओरडायचे, "बार्बा, चांगला बर्फ पडला तरी चालेल हो मला!"

चोवीस वर्षं मी त्या खिडकीत बसते आहे. माझं नाव फिओरेंझा. डेल्फीनो माझा काका वगैरे कुणी नाही. आमच्या खोऱ्यात वडीलधाऱ्या पुरुषाला बार्बा म्हणतात, आणि त्याने ते नाव कमावलं होतं. वडील गवळी, घरात सात गायी, सहावीनंतर शाळा बंद. रोपवे आली त्या वर्षी तो एकोणीस वर्षांचा होता. खांबांसाठी खड्डे खणायला म्हणून आला आणि मग गेलाच नाही. पुढे शिकून परीक्षा दिली, परवाना मिळवला, रोपवेचा मुख्य झाला. ऑक्टोबरात तो एकेका खांबावर चढून चाकांना वंगण लावायचा, खिशात पाव आणि चीज. साडेदहाला जेवायचा. बाराला भूक लागते असं म्हणणाऱ्या माणसावर त्याचा विश्वास नव्हता.

आठ डिसेंबरला, मारियामातेच्या सणाला, रोपवे सुरू होते. त्या दिवशी पहिल्या अकरा खुर्च्या रिकाम्या वर जातात, विमानात गेलेल्या त्या संघाच्या पहिल्या अकरा खेळाडूंसाठी. ही प्रथा बार्बाने सुरू केली आणि गावाने मान्य केली. तुरीनहून आलेले लोक रांगेत पाय आपटतात, "अहो, रिकाम्या का सोडताय?" मी म्हणते, "भरलेल्या आहेत. तिकिटं आधीच गेलीत." मग ते गप्प बसतात, किंवा मला वेडी समजतात. दोन्ही चालतं.

आता सिल्वानोचं सांगते, कारण त्याच्याशिवाय बार्बाची गोष्ट पुरी होत नाही.

सिल्वानो हा बार्बाच्या हाताखाली तयार झालेला माणूस. तेरा वर्षं दोघं एकत्र होते. एक बोलायचा, दुसरा हसायचा. रविवारी एकाच रेडिओला कान लावून तोरिनोची हार ऐकायचे. बावीस वर्षांपूर्वी सिल्वानोला जुळ्या मुली झाल्या आणि त्याच उन्हाळ्यात त्याने डोंगरापलीकडच्या व्हालसेरेनाच्या रोपवेवर नोकरी धरली. व्हालसेरेना मोठं. तिथे बाराही महिने पगार, आमच्याकडे हिवाळ्यापुरता. कुणीही घेतली असती. पण सान रोक्कोच्या जत्रेत, भर जेवणाच्या पंगतीत, बार्बा पेला घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, आपल्या सिल्वानोची बदली झाली. व्हालसेरेना म्हणजे ज्युव्हेंटस. आजपासून तोही ज्युव्हेंटसचा. पोराने शर्ट विकला!" ज्युव्हेंटस म्हणजे त्याच तुरीनचा श्रीमंत, सतत जिंकणारा क्लब, तोरिनोचा जन्माचा वैरी. लोक हसले. सिल्वानोच्या बायकोने, ओर्नेलाने, ताट तिथेच ठेवलं आणि मुलींना उचलून ती निघाली. मी त्या दिवशी हसले होते. ते मला अजून टोचतं.

गंमत अशी की आमची रोपवे आणि त्यांची रोपवे वर एकाच खिंडीत संपतात. मध्ये नारिंगी जाळी. चुकून कुणी पलीकडे उतरला तर त्याला गाडीने पावणेदोन तास फिरून परत यावं लागतं. जाळीच्या अलीकडे बार्बाची खोली, पलीकडे सिल्वानोची, मध्ये फार तर पंधरा पावलं. बावीस हिवाळे ही दोन माणसं रोज समोरासमोर बसली आणि एक शब्द बोलली नाहीत. बार्बा मला खाली फोनवर सांगायचा, "ज्युव्हेंटस आज नवी टोपी घालून आलंय."

गेल्या ऑक्टोबरात बार्बाची तपासणी होती. रोपवेच्या मुख्याला ठरावीक वर्षांनी डॉक्टरकडे जावंच लागतं. आला तो थेट खांबावर चढला आणि वंगण लावत बसला. चार दिवस नेहमीसारखा, उलट जरा जास्तच बडबडा. पाचव्या दिवशी कागद माझ्या टपालात आला. डोळे नापास. परवाना रद्द. वय सदुसष्ट, आता पुन्हा मिळणं नाही.

मी कागद घेऊन खांबाखाली उभी राहिले. "बार्बा, हे काय?"

वरून आवाज आला, "वाचता येतं ना तुला? मला येत नाही म्हणे."

परवाना असलेला मुख्य नसेल तर रोपवे चालवायची परवानगीच मिळत नाही. गावात दुसरा परवाना ज्याच्याकडे होता तो दोन वर्षांपूर्वी वारला. नवी परीक्षा मे महिन्यात, म्हणजे हिवाळा गेल्यावर. जानेवारीत तुरीनच्या शाळा तीन आठवडे मुलं घेऊन येतात, त्यावर अर्धं गाव उभं आहे. एक वर्ष बंद राहिलो तर त्या शाळा दुसरीकडे जाणार आणि परत येणार नाहीत. हे सगळं ठाऊक असल्यामुळे बारमध्ये सभा भरली तेव्हा कुणी आवाज चढवला नाही. ते जास्त वाईट होतं.

आमची सरपंच जेम्मा बेकरी चालवते. कोपरापर्यंत पीठ घेऊनच आली. म्हणाली, "एक माणूस आहे. एप्रिलमध्ये निवृत्त झालाय, परवाना अजून तीन वर्षं चालू आहे. मी फोन केला होता."

कुणीच नाव विचारलं नाही.

"सिल्वानो काय म्हणतो?" शेवटी मीच विचारलं.

"म्हणतो, डेल्फीनोने स्वतः येऊन विचारलं तर बघू. मी विचारलं तर नाही, गावाने ठराव केला तरी नाही."

बार्बा उठला. "ज्युव्हेंटसचा माणूस आपली रोपवे चालवणार? त्यापेक्षा खांबांवर मेंढ्या बांधा."

"मेंढ्यांना परवाना लागत नाही, बार्बा," जेम्मा म्हणाली. "पण त्या खुर्च्या पण नेत नाहीत वर."

तो दार आपटून गेला. दोन दिवस बारमध्ये फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी जेवणानंतर, माझ्या दारात उभा. दाढी केलेली, लग्नातला कोट. "गाडी काढ," म्हणाला. "मला आता दिसत नाही असं सरकार म्हणतंय."

पावणेदोन तास तो एकटाच बोलत होता. व्हालसेरेना कसं आहे, तर चकचकीत आणि वेळेवर. तिथले जिनेसुद्धा गरम. लोक जातात कारण तिथे कधी बंद नसतं. "पण मला सांग फिओ, ज्युव्हेंटस जिंकल्यावर कुणी रडताना पाहिलंयस का?" मी म्हटलं, "बार्बा, आज तू विचारायला चाललायस, भांडायला नाही." मग वळणांच्या रस्त्यावर तो कोटाची बटणं लावत-काढत बसला.

ओर्नेलाने दार उघडलं. मला गालाला गाल लावून भेटली, बार्बाला नुसतं "या" म्हणाली. स्वयंपाकघरात सिल्वानो टेबलाशी पाठमोरा बसला होता, कान रेडिओला. केस पांढरे झाले होते, बाकी तोच. त्याने मान न वळवता हात वर केला, म्हणजे थांबा. रेडिओवर तोरिनो एक गोलने मागे होतं.

बार्बा चौकटीतच थबकला. "हे कुणाचं लावलंयस?"

"कुणाचं म्हणजे? आपलं."

"तू तर ज्युव्हेंटसचा."

सिल्वानोने आता वळून पाहिलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

बार्बाने कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"तुम्हीच सांगितलंत," सिल्वानो म्हणाला. "जत्रेत. मग अख्ख्या खोऱ्याने धरून चाललं. मला कुणी विचारायला आलं नाही. नोकरी बदलली की माणूस क्लब बदलतो, हे आमच्या घरात तरी कुणाला माहीत नव्हतं."

"दर रविवारी दार लावून ऐकतो," ओर्नेला कॉफी ओतत म्हणाली. "आणि हरला की जेवत नाही. म्हणजे बहुतेक रविवारी उपासच."

मला हसू आलं, पण ते कुणाच्याच कामाचं नव्हतं. बार्बा खुर्चीवर बसला. "तुम्ही-तुम्ही काय लावलंयस? परका आहे का मी?"

सिल्वानोने रेडिओचा आवाज कमी केला. "बरं. डोळे कधीपासून गेलेत, बार्बा?"

"ऑक्टोबरात कळलं."

"खोटं बोलू नकोस. दोन हिवाळे झाले."

बार्बाने पेल्यात चमचा फिरवायला सुरुवात केली. त्यात साखर नव्हती.

"वरच्या खोलीत वाऱ्याचा मीटर आहे," सिल्वानो माझ्याकडे बघून सांगू लागला. "काटा लाल रेघेला टेकला की रोपवे थांबवायची, माणसं उतरवायची. हा आधी मीटर बघायचा. परवाच्या हिवाळ्यापासून मीटर बघणं बंद. खिडकीत उभा राहून तारेवरचे माझे डबे बघायचा. माझे थांबले की याच्या खुर्च्या थांबायच्या. पहिल्यांदा वाटलं, योगायोग. मग मी एकदा मुद्दाम दोन मिनिटं उशीर केला. यानेही केला. तेव्हा कळलं, याला काटा दिसत नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आमचे डबे जड आहेत, जास्त वारा सोसतात. तुमच्या खुर्च्या हलक्या. म्हणून वारा तुमच्या रेघेला आला की मी आमची थांबवायचो. आमच्या रेघेपर्यंत थांबलो नाही. वरिष्ठांची बोलणी खाल्ली दोनदा. म्हणाले, सिल्वानो म्हातारा झाला, झुळकेला घाबरतो."

माझं डोकंच फिरलं. "बार्बा, मी खाली तिकिटं विकत होते! शाळेची पोरं होती त्या खुर्च्यांवर! तुला दिसत नव्हतं आणि तू वर बसून होतास?"

"कुणाला काही झालं नाही," तो पुटपुटला.

"याच्यामुळे झालं नाही! तुझ्यामुळे नाही!"

ओर्नेलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की मी उभी राहिले आहे. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला होता की त्याला तिथेच सोडून परत यावं असं वाटलं. चोवीस वर्षं ज्याच्या भरवशावर मी लोकांना "बसा निर्धास्त" म्हणत आले, तो माणूस खिडकीतून दुसऱ्याची रोपवे बघत होता.

बार्बाने चमचा खाली ठेवला. "फिओ बरोबर बोलतेय," म्हणाला. "मी उतरायला हवं होतं. खाली उतरलो तर मी कोण, ते मला समजेना." मग सिल्वानोकडे न बघता, टेबलाकडे बघत, "येशील का रे? मी विचारायला आलोय. मीच आलोय."

रेडिओवर सामना संपला. तोरिनो हरलं. सिल्वानोने तो बंद केला.

"येईन. पण बारमध्ये सगळ्यांसमोर सांग, मी शर्ट विकला नव्हता. माझ्या मुली त्या गावच्या आहेत, बार्बा. बावीस वर्षं त्या आजीला भेटायला येतात आणि पोरं त्यांना ज्युव्हेंटसच्या म्हणून चिडवतात. तेवढं मागतोय."

परत आल्यावर घरापाशी उतरताना बार्बा म्हणाला, "ते सांगणं सोपं आहे." मी म्हटलं, "मग अवघड काय आहे?" त्याने गाडीचं दार हळूच लावलं आणि तो आत गेला.

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपून सगळं गाव बारमध्ये आलं. बातमी पसरलीच होती. सिल्वानो आणि ओर्नेला दाराजवळ उभे राहिले, कोट न काढता. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बार्बा टेबलाशी उभा राहिला आणि सवयीने सुरू झाला. मोठा क्लब म्हणजे काय, छोटा म्हणजे काय, उतारांचा स्वभाव, माणसांचा स्वभाव. लोकांना ते सगळं पाठ होतं.

"बार्बा," जेम्मा म्हणाली, "पाव जळतोय माझा. मुद्द्यावर ये."

"सिल्वानोने शर्ट विकला नव्हता," तो म्हणाला. "तो कधीच ज्युव्हेंटसचा नव्हता. मी खोटं सांगितलं. डोंगर क्लबसारखे असतील, माणूस डोंगरासारखा असतोच असं नाही. माझं चुकलं."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. जेम्मा डोळे पुसायला लागली. रोपवे सुरू होणार होती, जानेवारीत शाळा येणार होत्या, आणि म्हाताऱ्याने मान खाली घातली होती. एवढ्यावर कुणाचंही समाधान झालं असतं. मी तर ग्लास धुवायला वळले होते.

"थांबा," बार्बा म्हणाला. "अजून आहे."

टाळ्या थांबल्या.

"व्हालसेरेनाने आधी मला बोलावलं होतं. सिल्वानोच्या आधी. तुम्हाला कुणाला माहीत नाही. जेवू घातलं, नवी रोपवे दाखवली. आठ-आठ माणसांचे डबे. खोलीभर पडदे, दिवे, आकडे. तो माणूस मला समजावून सांगत होता आणि मी मान हलवत होतो. मला काहीही समजलं नाही. सहावी शिकलेला माणूस मी. मला भीती वाटली की महिन्याभरात हे लोक मला हसतील. मी नाही म्हटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, डेल्फीनो विकला जात नाही. तिला अभिमान वाटला. ती तेच मनात ठेवून गेली. पंधरा दिवसांनी हा गेला. हा भ्याला नाही, म्हणून मला याचा राग आला. बाकी सगळं, क्लब, शर्ट, निष्ठा, ते मी वरून घातलं."

इतका वेळ भिंतीकडे बघून बोलणारा बार्बा आता सिल्वानोकडे वळला. "हे तुला ठाऊक नव्हतं."

"होतं," सिल्वानो म्हणाला.

"काय होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी. डेल्फीनो नाही म्हणाला म्हणून तुला घेतोय. आणि का नाही म्हणाला तेही सांगितलं. त्यांना समजलं होतं."

बार्बाने टेबलाची कड धरली. "बावीस वर्षं? मी तुला भर पंगतीत तसं बोललो. रोज तुझ्या तोंडासमोर बसलो. एक वाक्य बोलला असतास तर गावाने मला उभं केलं नसतं. का नाही बोललास?"

सिल्वानोने ओर्नेलाकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली, जणू हे दोघांमध्ये फार पूर्वीच ठरलेलं होतं.

"बोलून काय केलं असतं, बार्बा?" तो म्हणाला. "माझ्याकडे मुली होत्या, घर होतं, पगार होता. तुझ्याकडे ते 'डेल्फीनो विकला जात नाही' एवढंच होतं."

बार्बा खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला, आणि या वेळी कुणी हसलं नाही. जेम्माने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या रोपवेच्या किल्ल्या काढल्या, बार्बाच्या समोर टेबलावर ठेवल्या, आणि त्यानेच त्या उचलून सिल्वानोच्या हातात दिल्या.